कार्ड नको म्हणणाऱ्यांची यादी

तुरी फुलावर आल्या की बाकीच्यांना बरं वाटतं, मी मात्र धास्तावते. यात तुरीचा काय दोष? ती बिचारी दरवर्षीसारखी कपाशीच्या ओळींमधून उभी राहते, पिवळी होते, मधमाश्यांना बोलावते. जऊळक्याच्या स्टेशनापासून आमच्या गावाकडे येणारा रस्ता आता डांबरी झाला आहे, पण दोन्ही अंगांना तीच कपाशी आणि तीच तूर. भाचा गाडी थांबवतो, खाली उतरून फोटो काढतो. "मावशी, पाय न, कसं पिवळंजर्द दिसून राह्यलं!" मी पाहते. पण फूल नाही पाहत. मी झाडांच्या बुडाशी पाहते, तिथे कोणी उकिडवं बसलं तर नाही ना म्हणून. आणि कान टवकारते, जीपचा आवाज येतो का ते ऐकायला. जन्मभर पोरांना शिकवलं, निवृत्त झाले, गुडघे गेले, तरी ही खोड काही गेली नाही. डॉक्टर म्हणतात रक्तदाब आहे. असेलही. पण हिवाळ्यातच कसा वाढतो, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. तेव्हा आमचा जिल्हा अकोला. वाशिम म्हणजे तालुक्याचं गाव. मी सतरा वर्षांची होते आणि आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली पोरगी. मॅट्रिक झाले म्हणजे काय, स्वर्ग हाती लागला असं मला वाटत होतं. बाबा रेल्वेत गँगमन होते. ड्युटीवरून आले की दंडावरचा पितळी बिल्ला काढून खुंटीला अडकवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या कुसुमचं अक्षर पायलं का? छापल्यावानी हाये." त्या अक्षराने पुढे काय करून ठेवलं, ते सांगायलाच तर बसले आहे.

त्या हिवाळ्याचा वास अजून नाकात आहे. घरात कापसाचा ढीग, त्याचा कोंदट, ऊबदार वास. पोरं त्याच्यावर उड्या मारायची आणि मार खायची. वेचणी करून आलेल्या बायांच्या केसात कापसाचे तंतू, बोंडांच्या टोकांनी बोटं खरचटलेली, आणि त्याच बोटांनी ठेचा कालवला की सगळ्या मिळून सी-सी करायच्या. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या, अंगणात गोल करून बसायचं आणि दातांनी दाणे ओढून खायचे. एवढं चांगलं होतं सगळं. म्हणूनच राग येतो.

दिवाळीनंतर एक कारकून गावात आला. कातडी बॅग, शाईचा डबा आणि पिवळट पुठ्ठ्याची कोरी कार्डं. चावडीपुढे टेबल मांडून बसला. म्हणाला, माणशी एक कार्ड. कार्ड असेल त्यालाच सरकारी काम, रॉकेल आणि साखर. "आज तुमच्या गावात, उद्या साऱ्या देशात." देशात पुढे काय झालं मला ठाऊक नाही. ही कोणा एका साहेबाच्या डोक्यातली अक्कल होती की वरून आलेली, तेही कधी कळलं नाही. कार्डावर रकाने होते. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, धर्म, जात, ओळखीची खूण, मुलं किती. आमच्या लोकांनी छप्पन साली जे नाव सोडलं, ते हा बाबा 'बौद्ध' लिहून पुढे कंसात पुन्हा टाकत होता. विचारलं तर म्हणे, "कंसात तं हाये, काय बिघडलं?"

बाबांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाले, "माया बिल्ला मी घरी आलो का काढून ठेवतो. हे काढून कुठी ठेवाचं, थे कोनी सांगतलं नाई." शिकले-सवरलेले आम्ही पुढे पुष्कळ बोललो, पण एवढं नेमकं कोणाला सुचलं नाही.

तसा कारकुनाचा निकाल आमच्या म्हाताऱ्या माणसांनी तीनच दिवसांत लावला होता. पहिली आली ती शेजारची बुढी.

"नाव काय, आजी?"

"मले सारे आत्याच म्हनते."

"बरं, नवऱ्याचं नाव?"

"बाप्पा! त्याचं नाव मी कशी घेऊ? तो येईन न, तवा तोच घेईन."

तो म्हणजे बुढ्ढा. तो आला संध्याकाळी. त्याला वय विचारलं तर म्हणाला, "मोठा पूर आला व्हता न, तवा मी बैलं चारत व्हतो. आता तुमीच लावा हिशोब." ओळखीची खूण विचारली तर म्हणाला, "सारं गाव ओळखते मले. खून कायले पायजे?" टेबलाभोवती हशा. तीन दिवसांत कारकुनाची दोन कार्डं झाली आणि त्यातलं एक पोलीस पाटलाचं होतं. तो घाम पुसत बसायचा आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गाव तसंच चालू राहिलं असतं, तर तो कारकून कंटाळून निघून गेला असता. हे मी आज छातीवर हात ठेवून सांगते.

पण गावात आम्ही होतो ना शहाणे! माझा चुलतभाऊ शेषराव वाशिमला कॉलेजात होता. बी.ए.चं पहिलंच वर्ष, पण बोलायला लागला की वकील मागे पडावा. पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि त्यानं आम्हा तरुण पोरापोरींना थांबवून घेतलं. म्हणाला, बुढ्या लोकांचं हे टाळाटाळीचं काम आपल्याला शोभत नाही. आपण शिकलो कशासाठी? विरोध करायचा तर उजळ माथ्यानं करायचा. मला ते इतकं पटलं की अंगावर काटा आला. बायांच्या त्या हसण्याची मला लाजच वाटायला लागली होती. अडाणीपणा वाटत होता तो मला!

मग आमची मोहीम सुरू झाली. शेषरावनं शाळेच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, 'कार्ड नको, काम पाहिजे.' शेजारी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलानं बायांना लावून भिंत शेणानं सारवून घेतली. त्रिकोण वाचला. आमच्या अक्षरांतला फक्त 'नको' राहिला, कारण सारवणारी आमच्यातलीच होती. आम्ही वेचणीच्या वावरात जायचो, बायांच्या मागे-पुढे ओळीत चालत कापूस वेचायचो आणि बोलायचो. माझी मैत्रीण गाणं म्हणायची, मी कार्डातला एकेक रकाना समजावून सांगायची. पोरांनी पाण्याच्या टाकीजवळ शपथ घेतली. भीती होती, चार माणसं एकत्र उभी दिसली तरी कोणी कळवेल अशी ती वेळ. पण भीतीतसुद्धा एक नशा असते. तेव्हा मला ती नशाच जास्त जाणवायची, भीती नंतर आली.

आणि मग शेषराव म्हणाला, "अर्ज करू."

आता आमच्या वस्तीत अर्ज म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमची विहीर अर्जानं झाली. शाळेत पोरांना आत बसायला मिळालं ते अर्जानं. मसणवटीची वाट मोकळी झाली तीही अर्जानं. बोंब मारून काही मिळत नाही, लिहून दे, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलं होतं. कागदावर आमचा जेवढा विश्वास, तेवढा गावात दुसऱ्या कोणाचा नसेल. तेव्हा अर्जच. आणि लिहिणार कोण? अक्षर कोणाचं छापल्यासारखं?

मी फुलस्केप कागदांना लाल शाईनं समास आखले. आमचा विरोध का, ते पहिल्या पानावर. मागे सह्या आणि अंगठे. नुसती नावं काय द्यायची, पत्ता हवा, वय हवं. अर्ज परिपूर्ण असावा असं आमचे गुरुजी सांगायचे. शेषराव म्हणाला, "पोरं किती, हे बी लिही. लेकरायसगट सारे जीव मोज. आकडा मोठा दिसला पायजे." मी आणखी एक रकाना आखला. मुलं किती. कारकुनाच्या कार्डावरचाच रकाना, मी माझ्या हातानं, पट्टी लावून. आमच्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

घरोघर फिरले. खरं सांगते, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. विहाराजवळच्या गल्लीपासून सुरुवात केली. ज्या बुढीनं कारकुनाला नाव सांगितलं नव्हतं, तिनं मला सांगितलं. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, पण नातवाला पुढे करून घ्यायला लावलं. "तू आपली पोरगी हायेस," म्हणाली, "तुह्यापासून काय लपवाचं?" बाबांनी तेवढं एकदा म्हणून पाहिलं, "कागद दुसऱ्याच्या हाती गेला का मंग तो आपला नसते, कुसुम." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाले समजत नाई त्यातलं." असं बोलले मी त्यांना.

देवमनदादाच्या घरी गेले तेव्हा दुपार टळली होती. देवमन पंचवीसेक वर्षांचा, उंच, एका शेतकऱ्याकडे सालदार होता. त्याचा मोठा भाऊ आणि वहिनी एकाच वर्षी तापानं गेले. मागे तीन लेकरं. मोठी मंदा नऊ वर्षांची आणि पाठचे दोघं भाऊ. दीड वर्षापूर्वी त्याचं लग्न झालं. शांता एकोणीस वर्षांची, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. ती नवरी म्हणून उंबऱ्यात आली आणि आल्या दिवसापासून तीन पोरांच्या भाकरी थापायला लागली. आमची गट्टी होती. वावरात शेजारी-शेजारी ओळी धरायचो.

"दादा, पोरं किती?" मी लेखणी टेकवून विचारलं.

देवमननं धाकट्याला मांडीवरून उतरवलंसुद्धा नाही. "तीन," म्हणाला. ऐटीत म्हणाला. आमच्याकडे भावाची लेकरं वेगळी मोजायची रीतच नाही. घरात ताटं किती, तेवढी पोरं. मी तीन लिहिलं. आत चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज एक क्षण थांबला होता आणि पुन्हा सुरू झाला. ते मला त्या वेळी ऐकू आलं, पण कळलं नाही.

अर्ज द्यायला मी आणि शेषराव तालुक्याला गेलो. साहेबानं आम्हाला खुर्ची दिली, चहा मागवला. पानं उलटत गेला. "वा! अक्षर कुणाचं?" त्यानं विचारलं. मी मान खाली घातली, पण आतून फुगले होते. "फार व्यवस्थित काम केलंत तुम्ही लोकांनी," तो म्हणाला. परतताना एसटीत शेषराव म्हणाला, "पायलं? लिहून दिलं का ऐकाच लागते." अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्या वेळी बैल दुसऱ्याचा होता, एवढाच फरक.

आठ दिवसांनी कारकून आला तो भरलेली कार्डं घेऊनच. कोणाला काही विचारायची त्याला गरज उरली नव्हती. त्यानं नावं पुकारायला सुरुवात केली. पहिलं नाव विहाराजवळच्या गल्लीतलं, मग त्याच्या शेजारचं, मग बुढीचं, मग समोरच्या घराचं. मी ज्या वाटेनं चालले होते, त्याच वाटेनं तो चालला होता. काशिनाथचं नाव माझ्याकडून चुकून दोनदा पडलं होतं. काशिनाथला दोन कार्डं आली. हळूहळू सगळी माणसं माझ्याकडे वळून पाहायला लागली. रागानं नाही हो. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती बुढी हातात कार्ड धरून नुसती म्हणाली, "यानं मायं नाव कसं काय लिहिलं, पोरी?"

मागच्या वर्षी वाशिमहून चार-पाच कॉलेजची मुलं माझ्याकडे आली होती. कुठून कळलं कोण जाणे. "आजी, तुम्ही म्हणे कार्डाविरुद्ध मोहीम केली होती. आम्हाला करायची आहे. कशी करायची, सांगा ना." पोरं गुणी होती, डोळ्यात तीच चमक. मी चहा ठेवला. म्हटलं, सांगते. तेवढ्यात एका पोरीनं वही पुढे केली, "आजी, त्याआधी इथे तुमचं नाव आणि मोबाईल नंबर लिहा ना." मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, बाई, पहिला धडा हाच. ही वही मिट. माणूस मोजायच्या आधी विचार कर, हे मोजणं उद्या कोणाच्या हाती पडेल. आणि गावातली बुढी माणसं काय करून राहिली ते आधी बघ. अडाणी म्हणून हसू नकोस. ती पोरगी वही मिटून बसली, पण तिला पटलं की नाही देव जाणे. मलाही सतराव्या वर्षी पटलं नसतं.

कार्डं वाटल्यावर दोन दिवसांनी शेषरावला पोलीस घेऊन गेले, भिंतीवर लिहिल्याबद्दल. दोन रात्री ठेवून सोडला. आला तो गप्प. मामाकडे निघून गेला आणि त्या हिवाळ्यात पुन्हा दिसलाच नाही. मी राहिले. आणि मग जीप यायला लागली.

कार्डावर तीन किंवा त्याहून जास्त मुलं असतील त्यांनी शिबिराला यायचं. शिबिर कसलं ते सांगायला नको. त्या वर्षी शिबिर म्हटलं की एकच, नसबंदीचं. कारकुनाजवळ आता यादी होती. लाल समासाची, छापल्यासारख्या अक्षराची. जऊळक्याच्या रस्त्यावर धूळ दिसली की विहिरीवर जी कोणी असेल ती कळशी दगडावर आपटायची. ठण्ण, ठण्ण. वावरातले बापये धावत तुरीत शिरायचे. त्या वर्षी तूर पुरुषभर वाढली होती, फुलांनी लदलेली. आत माणूस बसला की वरून फक्त फुलं हलायची आणि माश्या उठायच्या. मी घराच्या दारातून पाहायचे आणि मला वाटायचं, जीपवाल्याला हे हलणं दिसणारच. माझं अन्न गेलं. कोणीही कळशी जरा जोरानं ठेवली तरी मी दचकायचे. आई म्हणायची, "तू काहून कापतेस? तुले थोडीच नेऊन राह्यले?" तिला कसं सांगू की मला नेलं असतं तर मी झोपले असते.

आणि देवमन त्यात होता. ज्याला स्वतःचं एकही मूल नव्हतं, तो देवमन, माझ्या 'तीन'मुळे.

मी कारकुनाकडे गेले. म्हटलं, चूक झाली, ती लेकरं त्याच्या भावाची आहेत. तो म्हणाला, "कागदावर आलं ते कागदानंच जाईल. लिहून आण की ही मुलं त्याची नाहीत. त्याचा अंगठा आण, दोन पंचांच्या सह्या आण, नाव काढून टाकतो." वाईट नव्हता बोलायला. मी घरी येऊन लिहिलं. 'सदर कार्डात नमूद तीन मुले माझी नसून माझ्या मयत भावाची आहेत.' एवढं पुरे होतं. पण मला वाटलं कागद पक्का व्हावा, म्हणून पुढे जोडलं, 'त्यांच्याशी माझा काही संबंध नाही.' कोणी सांगितलं होतं मला ते जोडायला? पण हाताला परिपूर्णतेची सवय लागलेली.

दुपारी तुरीत गेले. देवमन एका बुडाशी बसून काडीनं माती उकरत होता. मी कागद वाचून दाखवला. मोठ्यानं वाचला, त्याला नीट समजावा म्हणून. मान वर केली तर मागे मंदा उभी. भाकरीचं गाठोडं घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

देवमननं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे खोटं हाये," म्हणाला.

"दादा, कायद्यानं खरं हाये. नाई दिलं तं थे तुले नेतीन."

"नेऊ दे न. पन हे पोट्टे माये नाई, असं मी अंगठ्यानं सांगू? अंगठा मायाच हाये न? तो असं कसं बोलीन?"

"दादा, शांतावहिनीचा तरी विचार कर."

त्यानं गाठोडं सोडलं, भाकर मोडली, अर्धी मंदाच्या हातावर ठेवली. कागदाकडे बोट दाखवून मला म्हणाला, "चुलीत टाक जा." मंदा त्याला आजवर काका म्हणायची. त्या दिवसापासून ती त्याला बाबा म्हणायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी वाजली. सगळे तुरीत गेले. देवमन गेला नाही. चावडीपुढच्या चिंचेखाली उभा राहिला. "किती दिवस बसू तिथी?" म्हणाला. "मालकाचा कापूस कोन आनीन?" जीपमध्ये त्याच्याबरोबर शेजारच्या गावातून आणलेले आणखी तिघं होते. तो मागच्या बाजूला होता, दुपट्टा डोक्याला घट्ट बांधलेला. मी आमच्या दारात उभी होते. शांता तीन वावरं पलीकडे वेचणीला गेली होती. धावत गेले असते तर पोचले असते. ओरडले असते तरी तिनं ऐकलं असतं. माझे पाय उचललेच नाहीत. मी भित्री होते, हे मला त्या सकाळी कळलं.

दिवस कलताना शांता आमच्या अंगणात आली. कमरेला वेचणीची ओटी तशीच बांधलेली, कापसानं भरलेली.

"गेला?"

"हो."

"तुनं पायलं?"

"हो."

"मंग मले सांगाले काहून नाई आली?"

मग तीच पुढे बोलली, आवाज न चढवता. "पोरं किती, हे तुनं त्याले इचारलं. त्यानं सांगून देल्लं. नाई म्हनाचं का नाई, हे बी त्यानंच ठरवलं. मी चुलीपाशीच व्हती न, कुसमे? दोन हातावर व्हती. मले कोनं इचारलं? ना तुनं, ना त्यानं, ना त्या सायबानं. त्या लेकरायले मी का पोटाशी नाई घेतलं? घेतलं. अन् त्यायच्यासंगं एक मायं बी मले पायजे व्हतं. हे काई पाप व्हतं का?"

ती मटकन खाली बसली. ओटीची गाठ सुटली आणि सगळा कापूस अंगणात सांडला. माझी आई पुढे झाली आणि एकेक पुंजका झटकून पुन्हा ओटीत भरत राहिली, कारण दुसरं काय करायचं ते तिलाही सुचत नव्हतं.

सहा आठवड्यांनी रेडिओवर सांगितलं की निवडणुका होणार. जीप यायची बंद झाली. कार्डांबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही. पोरांनी त्या पुठ्ठ्यांचे पंखे केले, चुलीला वारा घालायला. सहा आठवडे! देवमन आणखी सहा आठवडे तुरीत बसला असता तर? मी तो कागद लिहिताना शेवटची ओळ जोडली नसती तर? मंदा दहा मिनिटं उशिरा आली असती तर? असं मी रोज मोजते. मोजायची सवय काही सुटली नाही.

शांता त्याला सोडून गेली नाही. तिनं तिन्ही लेकरं वाढवली. मंदा नर्स झाली, मुलगे शेती करतात. देवमन चार वर्षांपूर्वी गेला. तिघांनी खांदा दिला, मंदानंसुद्धा. शांता माझ्याशी बोलायची थांबली असंही नाही. पाऊसपाणी, भाजीपाला, कोणाचं लग्न, सगळं बोलायची. पण त्या संध्याकाळनंतर मला कधी कुसमे म्हणाली नाही. मास्तरीनबाई म्हणायची. आणि एवढी वर्षं मी दोन घरं सोडून राहत असताना तिनं पत्र, अर्ज, फॉर्म, एकही कागद माझ्याकडून लिहून घेतला नाही. पोस्टात जाऊन परक्या माणसाला पैसे देऊन लिहून घ्यायची. मला ते दिसायचं.

परवाची गोष्ट. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर उन्हात बसलो होतो. समोर तुरीच्या शेंगा, सोलून दाणे परडीत टाकत होतो. किन्हीराजाकडची एक पोरगी आली, गळ्यात फीत, फितीला कार्ड, हातात टॅब. कसलासा सर्वे. तिनं शांताचं नाव विचारलं, वय विचारलं. मग बोट काचेवर टेकवून म्हणाली, "आजी, मुलं किती?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मास्तरकीची सवय, दुसऱ्याचं उत्तर आपणच द्यायचं. माझं तोंड उघडलंसुद्धा. "तिला..." म्हणाले आणि पुढचा शब्द येईना. काय सांगणार होते मी? कायद्यानं काय, खरं काय?

शांतानं ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "थांब न वं," म्हणाली. मग त्या पोरीकडे वळली, पदर नीट केला. "तीन. लिही बाई, तीन. मोठी मंदा, मंग दोघं भाऊ."

पोरीनं लिहिलं आणि पुढच्या घराकडे गेली. शांतानं एक शेंग उचलली, मोडली, चारही दाणे परडीत टाकले.

"कुसमे," ती म्हणाली, "या खेपेले मले इचारलं, पाय."